गळाला लागलेलं

दर रविवारी मी पिंडकेपारच्या तलावावर जातो.
बांबूची काठी, नायलॉनची दोरी,
मोराच्या पिसाचा तरंगा,
डालड्याच्या जुन्या डब्यात ओली माती अन् गांडुळं.
बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलो,
त्या काळापासूनचा हा एकच शौक:
पाळीवर बसून
खाली बघत राहणं.

मासा लागतोच असं नाही.
खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाहीच लागत.
बोटरी येते, करंगळीएवढी,
गांडूळ खाऊन जाते.
गळ राखेनं घासल्यासारखा लख्ख वर येतो.
पीस हलतं ते वाऱ्यानं.

म्हणून फुलवंता मारबते.
उताराशी, मोहाखाली, टोपली घेऊन बसायची.
तिचा नवरा पहाटेच जाळं झाडून गेलेला असायचा.
मी इकडेतिकडे बघून अर्धा किलो मरळ घ्यायचो,
कधी दाढक, कधी मिशीवाला शिंगूर.
"जिता द्या जी," म्हणायचो,
अन् ती हसू पदरात धरून
माशाच्या ओठाला माझाच गळ टोचून द्यायची.
एवढी सचोटी होती आमच्या खोट्यात.

घरी वच्छला तो मासा राखेत घोळून साफ करायची,
जवसाचं तेल, चिंचेचा कोळ, वरून सांभार,
खाली चिन्नोरचा भात.
मी सांगत बसायचो: दोरी कशी करकरली,
काठी कशी वाकली, पाय कसा घसरता घसरता राहिला.
ती म्हणायची, "होय का?"
अन् डोक्याचा तुकडा माझ्या ताटात.

यंदा फुलवंताजवळ टोपली नव्हती.
थर्माकोलचा डबा होता,
चिकटपट्टीवर तेलुगू अक्षरं.
तलाव ठेक्यानं गेला, म्हणाली.
काठाला बेशरम माजली,
नवरा जाळं आढ्याला टांगून बांधकामावर,
अन् मासा येते रातच्या ट्रकनं.
बर्फात रोहू होते, सगळे एका मापाचे,
शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे,
डोळे दुधाळ.
"चालते का पाहा जी. गळ टोचून देऊ?"
तिनं टोचला. ओठ कडक होता.
या वेळी कोणी हसलं नाही.

वच्छलानं मासा बोटानं दाबला.
खड्डा पडला, तो भरून आला नाही.
कल्ला उघडून पाहिला, ठेवून दिला.
तेच तेल, तीच चिंच, तोच भात.
मी सुरू केलं: दोरी अशी करकरली...
तिनं घास चावला.
भिजलेला कापूस चावावा तसा, सावकाश.
"गोदावरीपलीकडचा मासा," म्हणाली,
"तुमच्या गळाले इथवर कसा आला?"

माझा घास हातातच.
"तीस साल मालूम आहे मले.
मरळीच्या पोटात
तुमचं गांडूळ एकदाही निघालं नाही.
पण आधीचं खोटं
आपल्या तलावातलं तरी होतं."

मग पुढच्या रविवारी मी मोहाखाली थांबलो नाही.
ऊन डोक्यावर येईस्तोवर बसलो,
मुंग्या चावल्या, ठेकेदाराचा माणूस दोनदा बघून गेला,
आणि तीन बोटऱ्या लागल्या.
तीन. खरोखरच्या. डब्यात तडफडणाऱ्या.

परतताना फुलवंता भेटली, थर्माकोल डोक्यावर.
वाकता येईना, म्हणून नजरेनंच डब्यात डोकावली.
"देता का जी दोन?
लेकीले हे बर्फातलं उतरत नाही."

पळसाच्या पानात बांधून दिल्या.
पैशाचं ती बोलली, मी ऐकलं नाही.
"लेकीले सांगा," म्हटलं, "तुमीच पकडल्या."

दोन्ही हात डब्याला होते तिचे.
हसू लपवायला
पदरापर्यंत हात पोचेना.